चित्रातले कोकरू आता कुठे आहे?

मेलबर्नला नोकरीनिमित्त स्थायिक झालेला माझा पुतण्या काही वर्षांपूर्वी दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याने प्रत्येकासाठी काही ना काही आणले होते. माझ्या वाट्याला भिंतीवरची एक दिनदर्शिका आली. सांगलीत आमचे पुरुषांच्या तयार कपड्यांचे दुकान आहे आणि वडिलांच्या काळापासून आम्ही दर वर्षी गिऱ्हाइकांना दिनदर्शिका वाटतो, हे त्याला ठाऊक. “काका, तिकडं ही फार खपते. बघा, तुम्हाला काही सुचतंय का,” असे म्हणत त्याने ती माझ्या हाती ठेवली.

ती ऑस्ट्रेलियातील अग्निशामक जवानांची दिनदर्शिका होती. पानापानावर एकेक धिप्पाड तरुण आणि त्याच्या कवेत एखादे जनावर. कुठे कुत्र्याचे पिल्लू, कुठे घोडा, तर एका पानावर दोन्ही हातांत अलगद धरलेले पांढरेशुभ्र कोकरू. बहुतेकांच्या अंगात सदरा नव्हता. घरातील मुले हसू लागली. माझ्या आईने चष्मा पुसून ते पान बराच वेळ न्याहाळले. “एवढा धडधाकट मुलगा, पण अंगात सदरा का घालत नाही?” हा तिचा पहिला प्रश्न. त्यावर आम्ही सारेच हसलो. दुसरा प्रश्न मात्र तिने कोकराकडे बोट दाखवून विचारला, “हे कोकरू आता कुठं असंल रे?”

पुतण्याजवळ उत्तर नव्हते. कुणाजवळच नव्हते. प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा म्हणून सोडून दिला गेला. पुढे तोच प्रश्न माझ्याच दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. ती हकिगत, आणि त्या निमित्ताने जे वाचले व पाहिले ते, व्यापार करणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

बलदंड हात आणि इवलासा जीव

ऑस्ट्रेलियातील या दिनदर्शिकेची परंपरा १९९३ पासूनची आहे. तिच्यात झळकणारे तरुण अग्निशामक दलांत काम करणारे जवान असतात, आणि विक्रीतून धर्मादाय कार्याला साहाय्य दिले जाते. आरंभी मुलांच्या रुग्णालयाला मदत करणे हा हेतू होता. पुढे प्राण्यांची सेवा करणाऱ्या संस्थांनाही त्यातून मदत मिळू लागली. लोकप्रियता एवढी वाढली की श्वान, मांजरे, घोडे अशा स्वतंत्र आवृत्त्या निघू लागल्या.

असे प्रयोग इतरत्रही झाले. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या रिलस्टन गावातील प्रौढ स्त्रियांनी १९९९ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला निधी मिळावा म्हणून स्वतःच्या छायाचित्रांची दिनदर्शिका काढली. तिच्या कथेवर २००३ मध्ये ‘कॅलेंडर गर्ल्स’ हा चित्रपट निघाला. फ्रान्समधील एका रग्बी संघाने २००१ पासून आपल्या खेळाडूंची दिनदर्शिका काढली. आयर्लंड आणि स्वित्झर्लंडमध्ये तर तरुण शेतकऱ्यांनाच शेतातील जनावरांसह उभे करून दिनदर्शिका निघतात. आपल्याकडील कुर्ते-धोतराच्या जाहिरातींतही हल्ली बैलजोडी, वासरू किंवा करडू दिसू लागले आहे.

अशी चित्रे मनाला का भिडतात, याचे एक उत्तर प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडले होते. मोठे डोळे, उंच कपाळ, गोल गाल, आखूड अवयव हे बालकाचे रूप पाहिले की माणसाच्या मनात आपोआप वात्सल्य जागे होते, आणि हेच रूप प्राण्यांच्या पिल्लांतही दिसले की तीच भावना उचंबळते. त्यात ते पिल्लू बलदंड पुरुषाच्या हातांत असले की दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात: याच्याजवळ बळ आहे, आणि हे बळ याने जपण्यासाठी राखले आहे. अग्निशामक जवानाच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे असते. आगीतून जीव बाहेर काढणे हे त्याचे नित्याचे काम. म्हणजे चित्र जे सांगते आहे ते करुणेचे आहे. विक्रेत्याला ती करुणा हवी असते, कारण तिच्यासोबत विश्वास येतो आणि विश्वासापाठोपाठ गिऱ्हाईक.

पुरुष आणि पशू यांना एकाच कामात कॅमेऱ्यापुढे आणणे हे काही आजचे नाही. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने १२ कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची चित्रे घेतली आणि धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे जगाला दाखवले. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करून त्याने १८८७ मध्ये ७८१ चित्रपत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात चालणारे, धावणारे, वजन उचलणारे पुरुष आहेत आणि घोडे, बैल, शेळ्याही आहेत. त्या वेळी उद्देश ज्ञानाचा होता, आज तो बहुधा विक्रीचा असतो. दोन्ही वेळी एक गोष्ट मात्र समान राहिली. चित्रातील माणसाला आपण कशासाठी उभे आहोत हे ठाऊक असते. जनावराला ते कधीच ठाऊक नसते.

आमचे पहिले छायाचित्रण

पुतण्या परत गेला, पण कल्पना माझ्या डोक्यात राहिली. पुढच्या वर्षी आम्ही दुकानाची नवी कुर्ता-जाकिटांची मालिका काढणार होतो. सदरे अंगात घातलेलेच हवेत, एवढा एक बदल करून बाकी थाट तोच ठेवावा असे ठरले. एका जाहिरात संस्थेला काम दिले. तिने पुण्याहून एक मॉडेल तरुण, शहराबाहेरील एक भाड्याचे शेतघर, एक खिल्लार बैल आणि पंधरा दिवसांची दोन करडे अशी जुळवाजुळव केली. करारपत्रात मॉडेलचे मानधन, त्याचा प्रवास, जेवण, कामाचे तास, चित्रे किती काळ वापरायची हे सारे कलमवार लिहिले होते. जनावरांसाठी एकच ओळ होती: ‘प्राणी व वाहतूक, ठोक रक्कम.’ मी सही केली. त्या ओळीवर माझी नजर क्षणभरही थांबली नाही, हे आज सांगताना संकोच वाटतो.

ऑक्टोबरचे ऊन होते. करडांना पहाटे आईपासून तोडून टेंपोत घालून आणले होते. मॉडेलची रंगभूषा, कपड्यांची इस्त्री, प्रकाशाची मांडणी यांत अकरा वाजले. तोवर दोन्ही करडे ओरडून ओरडून घोगरी झाली होती. चित्रात त्यांचे कान टवकारलेले दिसावेत म्हणून एक मदतनीस पत्र्याचा डबा वाजवत होता. प्रकाश उजळवण्यासाठी चंदेरी फलक धरले होते. त्यांतील एकाचा लखलखाट डोळ्यांवर येताच बैल उधळला. सोबतच्या माणसाने कासरा जोरात ओढला आणि वेसणीजवळ रक्त आले. कुणीतरी ते पुसले आणि काम पुढे चालू झाले.

थांबा असे पहिल्यांदा म्हणाला तो पुण्याचा मॉडेल तरुण. करडू त्याच्या छातीशी होते. तो मला म्हणाला, “काका, याचं काळीज फार जोरात उडतंय. जरा याला खाली ठेवू या का?” मी घड्याळाकडे पाहिले. शेतघराचे भाडे, छायाचित्रकाराचा दिवस, प्रकाशयंत्रांचे भाडे हे सारे मनात उभे राहिले. मी म्हणालो, “अजून थोडंच राहिलंय.” ते थोडे पुढे तासभर चालले.

चित्रे मात्र विलक्षण सुंदर आली. निळसर कुर्त्यातील तो तरुण, त्याच्या हातांच्या ओंजळीत करडू, मागे उन्हात धूसर झालेला बैल. पाहणाऱ्याला वाटावे की, या दोघांचे जन्मोजन्मीचे सख्य आहे. छपाईपूर्वीचा नमुना मी घरी नेला आणि आईपुढे ठेवला. तिने चष्मा पुसला, चित्र पाहिले आणि विचारले, “हे करडू आता कुठं आहे?”

या वेळी कुणी हसले नाही. मी संस्थेला दूरध्वनी केला. तिथून जनावरे पुरवणाऱ्याचा क्रमांक मिळाला. तो सहजपणे म्हणाला, “बोकड होतं ते. थोडं मोठं झाल्यावर आठवड्याच्या बाजारात गेलं की.” दुसऱ्या करडाचेही तेच. बाजारात गेलेल्या बोकडाचे पुढे काय होते, हे सांगण्याची गरज त्यालाही वाटली नाही आणि विचारण्याचे धैर्य मलाही झाले नाही.

दिनदर्शिकेचे ते पान आम्ही रद्द केले. त्या वर्षी जुन्याच पद्धतीची, फक्त तिथी-वारांची दिनदर्शिका वाटली. मी एका पांजरपोळाला काही रक्कमही पाठवली. आईला ते सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “पाठवलंस ते बरं केलंस. पण तो हिशेब त्यानं मिटत नाही.”

जनावराच्या डोळ्यांतून

त्यानंतरच्या महिन्यांत मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आमच्या छायाचित्रणात जे चुकले ते निव्वळ दुर्दैव नव्हते. त्यातील बहुतेक सारे आधी ठाऊक होण्यासारखे होते.

गाय-बैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्यांना सभोवतीचे ३०० अंशांहून अधिक दिसते, परंतु थेट पाठीमागचे दिसत नाही. मागून अचानक आलेला माणूस त्यांना म्हणूनच घाबरवतो. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी जनावरे कशाला बुजतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. लखलखणारा पृष्ठभाग, लोंबणारी साखळी, वाऱ्याने फडफडणारे कापड, जमिनीवरची गडद सावली, धातूचा खणखणाट अशा गोष्टी त्यांनी नोंदवल्या. ग्रँडिन यांचे पुष्कळसे काम कत्तलखान्यांच्या रचनेशी निगडित आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. मलाही रुचली नाही. तथापि जनावराच्या उंचीवर वाकून, त्याच्या डोळ्यांनी वाट पाहण्याची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. ती यादी वाचताना मला आमचे शेतघर आठवले. चंदेरी फलक, फडफडणारे पडदे, लोंबणाऱ्या तारा, वाजणारा डबा. जे जे टाळायचे ते ते सारे आम्ही भाडे देऊन तिथे गोळा केले होते.

शेळ्यामेंढ्या कळपाने जगणाऱ्या. एकट्या पडल्या की त्यांना भय वाटते. मेंढी आपल्या कोकराला जन्मानंतर थोड्याच वेळात वासावरून ओळखू लागते. म्हणून कोकराला दुसऱ्याच कुणाच्या अत्तराचा उग्र वास लागू देणे योग्य नव्हे. मेंढरू मंद असते हा आपला समजही खरा नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, मेंढ्या कळपातील ५० निरनिराळे चेहरे ओळखू शकतात आणि ते सुमारे दोन वर्षे लक्षात ठेवतात. २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी आठ मेंढ्यांना काही प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रे दाखवून शिकवले, आणि पुढे त्या तेच चेहरे अनोळखी चेहऱ्यांतून निवडू लागल्या. माणसाचे छायाचित्र ओळखणाऱ्या जीवाला आपण छायाचित्रापुरते उचलतो आणि मग विसरून जातो. लक्षात ठेवण्याच्या बाबतीत उणे कोण ठरले?

कायदा काय सांगतो

छायाचित्रणात प्राण्यांचे हाल होऊ नयेत, ही जाणीव बाहेरच्या देशांतही किंमत मोजूनच आली. अमेरिकेत १९३९ च्या ‘जेसी जेम्स’ या चित्रपटासाठी एका घोड्याला कड्यावरून पाण्यात पाडण्यात आले आणि तो मेला. त्यावर लोक संतापले, आणि त्यानंतर चित्रीकरणाच्या जागी प्राण्यांवर देखरेख ठेवण्याची पद्धत तिथे सुरू झाली. चित्रपटाच्या अखेरीस ‘कोणत्याही प्राण्यास इजा झालेली नाही’ अशी जी ओळ दिसते तिचे मूळ त्या घटनेत आहे.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी संसदेत पुढाकार घेतला होता. त्याच कायद्यान्वये १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. प्राण्यांच्या वाहतुकीसाठी १९७८ चे नियम आहेत, तर करमणुकीसाठी प्राणी वापरण्यापूर्वी नोंदणी करण्याविषयी २००१ चे. चित्रपट किंवा जाहिरातपट यांत प्राणी आणायचा असेल तर मंडळाची परवानगी घ्यावी लागते. दुकानाच्या दिनदर्शिकेसारख्या स्थिर चित्रांसाठी नेमके काय करावे लागेल, हे काम देण्यापूर्वी मंडळाकडे किंवा जाणकार वकिलाकडे लेखी विचारून घेणे शहाणपणाचे. संस्था ‘आम्ही बघून घेतो’ म्हणाली, तरी जाहिरात आपली असते, नाव आपल्या दुकानाचे असते. मग जबाबदारीही आपलीच.

परंतु कायदा फार तर त्या दिवसापुरते बोलतो. मारू नका, उपाशी ठेवू नका, कोंबून नेऊ नका, असे तो सांगतो. करडाचे चित्र काढून झाल्यावर त्याचे काय, याचे उत्तर दिनदर्शिका काढणाऱ्यालाच द्यावे लागते.

जुनाच प्रश्न

आईचा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. विवाहासाठी सजलेला राजकुमार रथातून निघाला, वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्याच्या कानी पडला, आणि त्याने सारथ्याला विचारले की, यांना इथे कशासाठी आणले आहे? उत्तर मिळाले, वऱ्हाडाच्या भोजनासाठी. तो विवाह झाला नाही; रथ गिरनारच्या वाटेला लागला. ही कथा मी शेकडो वेळा ऐकली असेन. सजूनधजून उभा असलेला तरुण आणि त्याच्याजवळ भेदरलेली जनावरे, हे चित्र प्रत्यक्ष माझ्यासमोर असताना मात्र ती मला आठवली नाही. मला शेतघराचे भाडे आठवले.

आपल्या व्यापारी पूर्वजांनी हा प्रश्न हिशेबाच्या वहीत बसवून दाखवला होता. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. गावोगावच्या बाजारपेठांत धर्मादायाचा वेगळा भाग काढून ठेवण्याची रीत होती. दुभते जनावर आटले, बैल थकला, की त्याचे पुढे काय, हे आधीच ठरवून ठेवण्याची ती व्यवस्था होती. आपण ती पुढे दानधर्माच्या रकान्यात ठेवली आणि व्यापाराच्या रकान्यात तो प्रश्न विचारायचे विसरलो.

दुसरा प्रयत्न

गेल्या आषाढात आम्ही पुन्हा छायाचित्रण केले. माझे मामेभाऊ शिरोळ तालुक्यात शेती करतात. त्यांच्या गोठ्यात दोन बैल, तीन गाई आणि एक खोंड आहे. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काम करायचे ठरले. आदल्या दिवशी बैलांना न्हाऊ-माखू घातलेले होते, शिंगे रंगवलेली होती; आमच्यासाठी निराळे काही सजवावे लागले नाही. मॉडेल म्हणून मी त्याच पुण्याच्या तरुणाला बोलावले. “दोन दिवस आधी या,” एवढीच अट घातली. तो आला, गोठ्यात वावरला, वैरण टाकली, शेण काढायलाही त्याने हात लावला. अत्तर लावू नका असे आम्ही सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “काका, आता लावलं तरी कळणार नाही.”

छायाचित्रकारही एक दिवस आधी येऊन कॅमेऱ्याशिवाय नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने लांबच्या भिंगाने, दूर उभे राहून काम केले. कृत्रिम लखलखाट नाही, फलक नाहीत, डबा नाही. सकाळचा कोवळा प्रकाश होता, पावसाने उघडीप दिली होती. खोंडाची आई दोन हातांवर बांधलेली होती आणि तो मनात येईल तेव्हा तिच्याकडे जात होता. तो गेला की आम्ही थांबत होतो. आठच्या सुमारास बैलांनी रवंथ करायला बसकण मारली, तेव्हा मामेभाऊ म्हणाले, “झालं आता. त्यांना उठवायचं नाही.” आम्ही उठवले नाही.

खरे सांगायचे तर पहिल्या वर्षीच्या चित्रांइतकी ही चित्रे नेत्रदीपक नाहीत. एका पानावर खोंडाचे शेपूट हलल्याने धूसर झाले आहे. एका कुर्त्याची बाही गाईने चाटून ओली केलेली स्पष्ट दिसते, आणि तोच कुर्ता आम्हाला विकायचा होता. विक्री वाढली का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कापडाच्या धंद्यात एका दिनदर्शिकेचा हिशेब वेगळा काढता येत नाही. गिऱ्हाईक मात्र ते पान पाहून थांबते. “हा कुठला गोठा?” असे विचारते. त्या पानाच्या तळाशी आम्ही छोट्या अक्षरांत छापले आहे की, हे जनावर शिरोळ तालुक्यातील त्याच्या स्वतःच्या गोठ्यात आहे.

या अनुभवातून ठरवलेल्या काही गोष्टी, ज्यांच्या मनात असे काम करण्याचा विचार असेल त्यांच्यासाठी नोंदवून ठेवतो. भाड्याने फिरवले जाणारे जनावर घेऊ नये. जिथे ते राहते तिथे आपण जावे. पिल्लू असेल तर त्याची आई दिसेल एवढ्या अंतरावर असावी. कळपातले जनावर एकटे आणू नये. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे, सावली व पाणी जवळ असावे. कोकरू उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा; लोकर किंवा पाय धरून कधीही उचलू नये. काम थांबवण्याचा अधिकार जनावराच्या रोजच्या माणसाला असावा, छायाचित्रकाराला किंवा पैसे देणाऱ्याला नव्हे. करारपत्रात जनावरासाठी स्वतंत्र कलमे असावीत. आणि त्याचे पुढे काय होणार हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये.

शेवटची गोष्ट खोंडाविषयी. दुधाच्या धंद्यात नर वासराला किंमत उरलेली नाही आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलालाही फारशी नाही. मामेभाऊ त्याला सांभाळतील, पण वैरणीचा भार त्यांनी एकट्याने का सोसावा? म्हणून त्याच्या वैरणीचा खर्च दुकानातून दर महिन्याला पाठवायचे ठरले आणि तो खोंड जगेल तोवर पाठवायचे ठरले. पहिल्या महिन्याला आमच्या हिशेबनिसांनी विचारले, “भाऊ, हे कोणत्या खात्यात टाकू? जीवदया?”

मी हो म्हणणार होतो. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “त्या पुण्याच्या पोराचे पैसे कुठं लिहिलेस?”

“जाहिरात खर्चात.”

“मग याचे पण तिथंच लिही. यानं पण काम केलंय.”

तेव्हापासून आमच्या वहीत ती रक्कम जाहिरात खर्चातच लिहिली जाते. दान म्हणून लिहिले असते तर कमीजास्त करता आले असते, एखाद्या मंदीच्या वर्षी थांबवताही आले असते. देणे म्हणून लिहिले की ते चुकवता येत नाही. आपल्यापैकी ज्यांची दुकाने या दिवाळीसाठी नव्या दिनदर्शिकेची आखणी करीत असतील त्यांनी चित्र जरूर सुंदर निवडावे. मात्र त्या चित्रात एखादे वासरू किंवा कोकरू असेल तर छपाईला देण्यापूर्वी ते आता कुठे आहे याची चौकशी करावी, आणि त्याचे नाव कोणत्या खात्यात लिहायचे तेही ठरवून ठेवावे.